भाडेपट्ट्यावरची शकुंतला: मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ

मूर्तिजापूरला उतरलं की फलाटावरची गर्दी जिन्याकडे पळते. तुम्ही पळू नका. हावडा–मुंबई मार्गावरच्या गाड्या धडधडत जातात त्या रुळांना पाठ करून जरा बाजूला बघा. गवतात बुडालेले, एकमेकांना बिलगून चालल्यासारखे दोन बारके रूळ दिसतील. त्यांच्यामधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे हे त्याच्या निम्मंही नाही. इथून एक फाटा उत्तरेला अचलपूरला जायचा, ७६ किलोमीटर. दुसरा आग्नेयेला यवतमाळला, ११३ किलोमीटर. या दोन्ही फाट्यांवरून धावणारी ती शकुंतला.

माझं आजोळ अंजनगाव सुर्जीचं. लहानपणी उन्हाळ्यात आई आम्हाला मूर्तिजापूरला उतरवायची आणि मोठ्या गाडीतून या छोट्या गाडीत बसवायची. वाफेचं इंजिन होतं तेव्हा. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाची कणी जाणार हे ठरलेलं, आणि आईच्या पदराच्या टोकानं ती निघणार हेही. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं, झेडडी जातीचं. १९२३ पासून सत्तर वर्षं त्यानं हा संसार ओढला आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. गाडी आता बंद आहे. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. गेल्या डिसेंबरात मी आणि अकोल्याचा मावसभाऊ मोटारसायकलवर बसून रुळांच्या कडेकडेनं दोन्ही फाटे फिरून आलो. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून हे लिहिते आहे.

पहिला सल्ला गाडीचाच. चारचाकी घेऊन जाऊ नका. रूळ रस्त्याला कधी चिकटून जातात, कधी दोन-तीन किलोमीटर शेतात घुसतात आणि तिथे फक्त पांदण असते. दुचाकी हवी, तीही जुनी, चिखलात पडली तरी जीव हळहळणार नाही अशी. एसटीनंही जमेल. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, तिकडे कारंजा, दारव्हा, यवतमाळ या सगळ्या गावांना बसची ये-जा चांगली आहे. पण मग स्टेशनं बघून होतील, मधला मार्ग नाही.

निघायच्या आदल्या रात्री अवकाळी पडला. खरं तर मी तेव्हाच एक दिवस थांबायला हवं होतं. वऱ्हाडची काळी माती पावसानंतर काय करते हे पुण्यात राहून विसरायला होतं. लाखपुरीच्या अलीकडे आम्ही रूळ शोधायला पांदणीत शिरलो आणि शंभर पावलांत मागचं चाक फिरायचं थांबलं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखलाची भिंत. "ताई, तू उतर, मी ढकलतो," म्हणत भावानं बांधावरची वाळली पऱ्हाटी उपटली आणि काडीनं चिखल टोकरत बसला. दहा पावलं, पुन्हा टोकरणं, पुन्हा दहा पावलं. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया हातातलं काम थांबवून हसत होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "काहून हो बाई, मोजनीवाले का तुमी?"

हा प्रश्न आम्हाला पुढे दोन दिवस जागोजागी भेटला. रुळाकडे बघत कुणी अनोळखी उभं राहिलं की लोकांना वाटतं मोठ्या लाइनीची मोजणी आली. मी नुसती बघायला आले आहे म्हटल्यावर बाईंचा चेहरा जरा पडला. "पाह्याले काय आहे त्यात? गाडी तं गेली."

तर ही गाडी आली कशी? वऱ्हाडात कापूस आधीपासून होताच. मुंबईहून नागपूरकडे मोठी रेल्वे गेली, अमरावती आणि खामगाव या पेठांना छोटे फाटे मिळाले. पण यवतमाळ आणि अचलपूरकडचा कापूस बैलगाड्यांवरच राहिला. किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश पेढीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि या दोन बाजूंना अरुंद रूळ टाकले. अरुंद अशासाठी की जमीन कमी, पूल हलके, खर्च कमी. पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा फाटाही याच कंपनीचा. मालकी कंपनीची, आणि गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं, म्हणजे जीआयपीनं, असा १९१३ चा करार. रूळ कंपनीचे म्हणून उत्पन्नातला वाटा कंपनीला. मूर्तिजापूरला छोट्या डब्यातली गाठ हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात, तिथून मुंबईच्या बंदरात आणि मग बोटीनं इंग्लंडला. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांकडे गाठी निघाल्या, त्याच गावाहून इंजिन आलं.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार गमतीची वाटते. त्या काळी वऱ्हाड प्रांतच भाड्यानं दिलेला होता. निजामानं १९०२ च्या करारानं तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्यावर दिला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. म्हणजे पट्ट्यावरच्या प्रांतात पट्ट्यावरची रेल्वे. पुढे प्रांताचा पट्टा इतिहासजमा झाला. रेल्वेचा मात्र चालूच राहिला. जीआयपी सरकारजमा झाली, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, तिनं गाडी चालवायचं काम पुढे नेलं. रूळ तेवढे कंपनीच्या नावावरच राहिले.

यावरून मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते, की भारत अजून इंग्रजांना या रेल्वेचं भाडं देतो. ऐकायला खमंग आहे, पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय हातांत आली. राणीच्या तिजोरीत काही जात नव्हतं. खरी गोष्ट याहून साधी आहे आणि माझ्या मते जास्त वाईट. जुन्या वाड्यातलं भाडेकरूचं घर आठवा. मालक म्हणतो, भाडं किती येतं, मी कौलं कशाला बदलू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी कशाला खर्च करू? दोघंही खोटं बोलत नाहीत आणि घर गळतच राहतं. शकुंतला हळू चालायची म्हणून लोक तिला हसायचे. पण तिला ताशी वीसच्या आसपास चालायला लावलं ते या गळक्या कौलांनी. खालचे रूळ जुने, स्लीपर जुने, काळ्या मातीत भराव दर पावसाळ्यात खचणार, आणि त्यावर खर्च कुणी करायचा याचं उत्तर कुणाकडेच नाही. ७६ किलोमीटरला चार तास लागायचे. तेवढ्यात एसटी जाऊन परत यायची.

तरी लोक बसायचे, कारण तिकीट बसच्या मानानं किरकोळ होतं. दर्यापूरच्या बाजाराला भाजीच्या टोपल्या, कोंबड्या, दुधाच्या कॅना घेऊन माणसं चढायची. शेवटच्या काळात सगळी गाडी मिळून सातेक कर्मचारी. स्टेशनांवर कुणी नाहीच. फाटक आलं की गाडी थांबणार, माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबणार, तो फाटक उघडून पळत येऊन चढणार. तिकीटही गाडीतलाच माणूस फाडायचा.

लाखपुरीला पूर्णा नदी. लक्षेश्वराचं दर्शन घ्या, घाटावर बसा, पाणी प्यायचं असेल तर बाटलीतलं प्या. हा खारपाणपट्टा आहे. दर्यापूरपर्यंतच्या या भागात विहिरी-बोअरचं पाणी खारट लागतं आणि पाहुण्यांच्या पोटाला ते मानवत नाही. दोन माणसांना दिवसाला पाच लिटर घेऊन निघा. रेल्वेच्या पुलावर चढू नका, कुणी कितीही भरवसा दिला तरी. भाऊ चढायला निघाला होता, मी आवाज चढवला तेव्हा थांबला. पूल खालून, नदीच्या पात्राच्या बाजूनं जास्त छान दिसतो आणि फोटोही तिथूनच चांगला येतो.

दर्यापूरच्या स्टेशनचं नाव बनोसा. गावात कुणाला "दर्यापूर रेल्वे स्टेशन" विचारलंत तर दोन मिनिटं घोटाळा होतो. बनोसा म्हणा. इथे आम्ही आलूबोंडा-तर्री खाल्ली. ती तिखट असते असं सांगणं म्हणजे डिसेंबरात थंडी असते असं सांगणं.

कापूसतळणीच्या आसपास रूळ बराच वेळ रस्त्याच्या जवळून चालतात. या पट्ट्यात गाडी बाजूला लावून पायी चाला, दोन किलोमीटर तरी. बाभळीनं दोन्ही बाजूंनी बोगदा केलाय. जाड तळाचे बूट हवेतच. माझ्या चपलेतून काटा आरपार गेला आणि पुढचा दिवस मी लंगडत काढला. साप म्हणाल तर हिवाळ्यात दुपारी ऊन खायला येतात, काठी आपटत चालायचं. एके ठिकाणी एक आजोबा म्हशी घेऊन रुळांच्या मधोमध बसले होते. बसायला चांगली कोरडी जागा म्हणे. मी विचारलं, गाडी आठवते का?

"आठवते म्हंजे? माही वरात गेली तिच्यात. अंजनगावले. नवरीनं रस्त्यात म्हटलं का तहान लागली, तं मी उतरलो, त्या वावरातल्या हिरीवर गेलो, तांब्या भरला अन् पुढच्या डब्यात चढलो." मग जरा थांबून, "मांगच्या डब्यात चढाचं होतं. धावलो नाई म्हणून पुढचा डब्बा तं केवाच निंगून गेला होता, मलेच समजून नाई राह्यलं."

त्यांची गोष्ट मला नीट कळली नाही आणि त्यांना तिची फिकीरही नव्हती. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, मोठी गाडी कवा येईन. या मार्गाचं रुंदीकरण व्हावं म्हणून या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, आंदोलनं केली. २०१६ मध्ये रेल्वेनं त्याला होकारही दिला होता. आजोबांना सांगण्यासारखी तारीख माझ्याजवळ नव्हती.

अंजनगावबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. पानमळ्यांचं गाव. मामा सकाळी मळ्यातून यायचा तेव्हा त्याच्या अंगाला हिरवा, ओला वास यायचा. ओळखीपाळखीनं एखादा पानमळा आतून बघायला मिळाला तर सोडू नका. आत शिरण्याआधी चप्पल बाहेर काढायची, सांगायची वाट बघू नका. भर दुपारीही आत अंधारं आणि गार असतं. शाळेत पाठ केलेला सुर्जी-अंजनगावचा तह इथलाच, ३० डिसेंबर १८०३. आडगावच्या लढाईनंतर आणि गाविलगड पडल्यानंतर दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केला तो. गावात त्याची खूण म्हणून बघण्यासारखं फार काही हाती लागत नाही. स्टेशनवर मात्र मला अर्धा तास लागला. तिकिटाची खिडकी होती तिथे बुजवलेली भिंत, आणि आई जिथे ट्रंकेवर बसायची तो कडुनिंब. कडुनिंब नक्की तोच का, माहीत नाही. मी तो मानला.

गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव याच तालुक्यात आहे आणि त्यांचं बालपण गेलं ते दापुरी मूर्तिजापूरकडे. म्हणजे एका फाट्याच्या दोन टोकांना. मूर्तिजापुरात त्यांनी उभं केलेलं काम आहे, निघण्याआधी तासभर तिथे काढा.

पथ्रोटच्या पुढे उजाड सपाटी संपते, सातपुड्याची निळी रेघ जवळ येते आणि संत्र्याच्या बागा लागतात. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. बांधावर मागितली तर लोक देतात, न मागता तोडलीत तर बोलणी खाल. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. हौज कटोरा, परकोटाचे दरवाजे, सापन आणि बिच्छन या नद्या, यासाठी वेगळा दिवस ठेवा. आम्ही धावतपळत बघितलं आणि त्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. मुक्काम शेजारच्या परतवाड्यात करा. तिथे लॉज मिळतात, कारण चिखलदऱ्याला जाणारे सगळे तिथूनच वर चढतात. शनिवार-रविवार टाळा किंवा आधी फोन करा. आम्ही शनिवारी पोचलो, एका लॉजवाल्यानं फोनवर ठेवलेली खोली दुसऱ्याला दिली होती, आणि रात्री दहापर्यंत आम्ही दारं ठोठावत फिरलो. आगाऊ पैसे दिल्याशिवाय खोली आपली समजू नका.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. या दोन्ही फाट्यांच्या स्टेशनांवर स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही. सोय तालुक्याच्या गावी एसटी स्थानकात किंवा मोठ्या पेट्रोल पंपावरच. त्या हिशेबानं टप्पे ठरवा.

दुसऱ्या दिवशी परत मूर्तिजापूर गाठून यवतमाळची बाजू धरली. हा फाटा लांब, पण पाहून लवकर होतो, कारण रूळ पुष्कळदा रस्त्यापासून दूर पडतात. कारंजा लाडला थांबाच. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात बारा महिने गर्दी असते, जैन मंदिरंही जुनी आहेत, आणि जेवायची उत्तम सोय. पूर्वी दत्तभक्त मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेनंच इथे यायचे. आता फलाटावर गुरं.

कारंज्यानंतर जमीन बदलते. काळी जाऊन मुरमाड येते, चढ लागतो, टेकड्यांवर सागवान दिसायला लागतो. मोटारसायकलवर हा चढ जाणवतही नाही, पण नव्वद वर्षांच्या रुळांवरून भरलेले डबे ओढताना इंजिनाला तो चांगलाच जाणवत असणार. दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग. माझ्या ओळखीतल्या सगळ्या स्टेशनांत सुंदर नाव. याला जंक्शन म्हणायचे, कारण इथून पुसदकडे एक फाटा होता. तो केव्हाच उखडला, जंक्शन हा शब्द मागे राहिला. हाताचे जुने सिग्नल हा या मार्गावरचा खजिना. लोखंडावर लिव्हरपूलचं नाव ओतलेलं. असं काही दिसलं तर हात लावून बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. गाडी बंद असली तरी रूळ, खिळा, पाटी सगळं रेल्वेची मालमत्ता धरलं जातं आणि आठवण म्हणून उचललेला एक खिळासुद्धा १९६६ च्या कायद्याखाली अंगाशी येऊ शकतो. काही ठिकाणी रूळ चोरून नेलेले आम्ही पाहिले, त्यामुळे गावकरी अनोळखी माणसाकडे संशयानं बघतात ते उगीच नाही. पोचल्याबरोबर चहाच्या टपरीवर बसून आपण कोण, कशाला आलो हे सांगून टाका. मग लोक स्वतःहून दाखवायला येतात.

लाडखेडला सूर्य मावळला आणि आम्ही उरलेला रस्ता अंधारात काढला. हे करू नका. तुरीच्या शेतांतून रानडुकरं आडवी येतात. आमच्यापुढे एक आलं, भावानं ब्रेक दाबला, आणि डुक्कर आमच्याकडे बघून सावकाश, अगदी शकुंतलेच्या चालीनं पलीकडे गेलं.

यवतमाळचं छोटं स्टेशन सकाळी बघितलं. नव्या वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं काम गावाच्या आसपास चाललंय, २८४ किलोमीटरची ती मोठी लाइन दारव्हा, पुसदवरूनच पुढे जायची आहे. तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मोसमाचं म्हणाल तर नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. त्याआधी चिखल, त्यानंतर ऊन, आणि मार्च उलटल्यावर दुपारी बाहेर पडायचं नावच घेऊ नका. दोन्ही फाट्यांना मिळून तीन दिवस ठेवा, आमच्यासारखे दोन नाही.

भाऊ मोटारसायकल घेऊन अकोल्याला परत गेला. मी एसटीनं कळंबला आले, जमिनीखालच्या गाभाऱ्यातल्या चिंतामणीला नमस्कार केला आणि नव्या स्टेशनवर जाऊन बसले. कळंबहून गाड्या मोजक्याच आहेत, रोज आहे असं धरून चालू नका, वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. चुकली तर वर्ध्याला बस आहेच. गाडी वेळेवर सुटली. देवळी कधी मागे पडली ते कळलं नाही, खिडकीला काच होती, डोळ्यात काही गेलं नाही. वर्ध्याला पोचल्यावर आईला फोन केला. अंजनगावच्या कडुनिंबाचं सांगितलं, तर ती म्हणाली, "कडुनिंब नाही गं, चिंच होती ती."